शाळेच्या लॅबमध्ये बंद केलेलं नेट पुन्हा पुन्हा का चालू होतं?

तक्रार ठरलेली असते. "सर, मागच्या आठवड्यात तुम्ही मुलांचं नेट बंद करून गेलात, आज परत यूट्यूब चालतंय." मग कोणी राउटरचा पासवर्ड बदलतं, कोणी होस्ट्स फाइलमध्ये (साइटची नावं अडवायला वापरतात ती मशीनमधली फाइल) आणखी चार नावं घालतं, कोणी सरळ लॅनची वायर काढून कपाटात टाकतं. थोडे दिवस शांतता, आणि पुन्हा तोच फोन. दर वेळी नवी बंदी घालत गेलं की नियमांचा नुसता गुंता होतो आणि गळती नेमकी कुठून आहे हे कोणालाच सांगता येत नाही. गळतीच्या जागा मोजक्याच असतात. त्या क्रमाने तपासल्या की हा प्रश्न सुटतो.

पुढचं सगळं उबंटू किंवा त्याच घराण्यातल्या लिनक्ससाठी आहे. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या प्रोसेसरच्या आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. त्यामुळे जुन्या लॅबसाठी लिनक्स हा सरळ मार्ग आहे. विंडोजच ठेवलेल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.

बंदी बहुतेक वेळा आपणच उठवतो

शाळेचा कॉम्प्युटर एकट्या मुलांचा नसतो. सकाळी त्यावर आठवीचं प्रात्यक्षिक होतं, मधल्या सुट्टीनंतर लिपिक त्याच मशीनवर यू-डायस प्लसमध्ये शाळेची माहिती भरतात, महिनाअखेरीला शालार्थचं, म्हणजे पगाराचं, काम निघतं, मध्येच सरलवर एखाद्या विद्यार्थ्याची जन्मतारीख दुरुस्त करायची असते. आपण राउटरमध्ये जाऊन तो अख्खा कॉम्प्युटर बंद केलेला असतो. काम अडलं की मुख्याध्यापक म्हणतात, तेवढ्यापुरतं चालू करा. चालू होतं, माहिती भरून होते, आणि परत बंद करायचं राहून जातं. यात कोणाचाच निष्काळजीपणा नाही. माणसाला घालायची बंदी मशीनला घातली की असं होणारच.

काही शाळांत एका सीपीयूला चार-पाच मॉनिटर आणि तितकेच कीबोर्ड जोडलेले असतात. तिथे तर राउटरला सगळे मिळून एकच कॉम्प्युटर दिसतो, कारण सगळ्यांचा आयपी पत्ता एकच. कोपऱ्यातल्या मॉनिटरवर बाई दीक्षावरचा धडा दाखवतायत आणि शेजारच्यावर मुलगा गेम खेळतोय, यातला फरक राउटरला कळण्याचा मार्गच नाही.

हा फरक लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, मात्र कळतो. बाहेर जाणारं प्रत्येक कनेक्शन कोणत्या खात्याने उघडलं याची त्याच्याकडे नोंद असते, आणि आयपीटेबल्स या फायरवॉलचं ओनर मॉड्यूल त्याच नोंदीवर चालतं. म्हणजे एकाच मशीनवर, एकाच वायरवरून, लिपिकांच्या लॉगिनला नेट चालू आणि मुलांच्या लॉगिनला बंद असं करता येतं. मग "तेवढ्यापुरतं चालू करा" म्हणायची वेळच येत नाही. माझं मत ठाम आहे: शाळेत बंदी खात्यावरच घालावी. बाकीचे उपाय तिला जोड म्हणून ठीक आहेत, तिची जागा ते घेऊ शकत नाहीत.

आधी खाती नीट करा

नियम लिहिण्याआधी लॅबमध्ये कोण कोणत्या नावाने लॉगिन करतं ते बघा. बऱ्याच ठिकाणी एकच खातं असतं आणि तेच ॲडमिन असतं. कॉम्प्युटर बसवणारा माणूस ते करून गेला, पासवर्ड शाळेच्या नावापुढे १२३, आणि तो सहावीपासून सगळ्यांना पाठ. असं असेल तर कुठलाही नियम टिकणार नाही. सूडो गटात, म्हणजे ॲडमिन अधिकार असलेल्यांत, असलेलं मूल एका कमांडने तो पुसू शकतं.

किमान तीन प्रकारची खाती हवीत: देखभालीचं एक ॲडमिन खातं, शिक्षक आणि कार्यालयाची साधी खाती, आणि मुलांची साधी खाती. शिक्षकांच्या खात्यालाही ॲडमिन अधिकार नकोत, त्यांच्या कामाला ते लागत नाहीत. प्रत्येक मुलाला वेगळं खातं देता आलं तर फार चांगलं. नाही जमलं तर वर्गागणिक एक चालेल. पण शिक्षकांचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर असेल तर पुढचं वाचायच्या आधी तो कागद काढा. "नेट परत चालू झालं" म्हणून गेलं की कितीदा तरी मूल शिक्षकांच्या खात्यात बसलेलं सापडतं. तिथे फायरवॉल तपासण्यात काहीच अर्थ नसतो.

लिनक्समध्ये प्रत्येक खात्याला एक क्रमांक असतो, यूआयडी. उबंटूत माणसांची खाती १००० पासून सुरू होतात. १००० ॲडमिन, १००१ कार्यालय, १००२ शिक्षक असं ठरवून ठेवा आणि १००३ पासून पुढचं सगळं मुलांचं धरा.

मूळ नियम

आयपीटेबल्सच्या आउटपुट चेनमध्ये, म्हणजे मशीनमधून बाहेर जाणाऱ्या पॅकेट्सच्या नियमांच्या यादीत, तीन नियम, याच क्रमाने.

पहिला, लूपबॅकवरचं, म्हणजे मशीनचं स्वतःशीच चालणारं, सगळं जाऊ द्या. हा विसरला की भलत्याच तक्रारी येतात. बारावी आयटीच्या मुलांचं पीएचपीचं प्रात्यक्षिक लोकलहोस्टवर चालतं, ते बंद पडतं. उबंटूत नावांचा पत्ता शोधण्याचं कामही १२७.०.०.५३ या आतल्याच पत्त्यावर होतं.

दुसरा, शाळेच्या आत एखादा सर्व्हर असेल तर फक्त त्याचा पत्ता मोकळा ठेवा.

तिसरा, यूआयडी १००३ ते ६०००० यांच्याकडून बाहेर जाणारं सगळं रिजेक्ट करा. ओनर मॉड्यूलला क्रमांकांची अशी पट्टी देता येते, प्रत्येक मुलासाठी वेगळी ओळ लागत नाही.

इथे ड्रॉप न लिहिता रिजेक्ट लिहा. ड्रॉप केलं की ब्राउझरला उत्तरच मिळत नाही, तो बराच वेळ गोल फिरवत बसतो आणि मुलं कंटाळून दहा टॅब उघडतात. रिजेक्टने लगेच नकार येतो. मशीन हळू झाल्याची तक्रारही त्यामुळे येत नाही.

सिस्टिमचे अपडेट रूटच्या किंवा एपीटी या अपडेट आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या खात्यावरून होतात, त्यामुळे ते या नियमात अडकत नाहीत.

नियम आहे, तरी गळतंय : आकडा बघा

आउटपुट चेनची यादी एल, व्ही, एन हे तीन पर्याय देऊन काढली की प्रत्येक नियमाच्या डावीकडे पॅकेट्स आणि बाइट्सचे दोन रकाने दिसतात. तो नियम आजवर किती वेळा लागू झाला हे त्यात असतं. शेजारच्या मॉनिटरवर मुलाच्या खात्यातून एखादी साइट उघडायची आणि यादी पुन्हा काढायची. आकडा वाढला तर नियम पकडतोय. शून्य तसंच राहिलं आणि साइट उघडली तर पॅकेट दुसऱ्या रस्त्याने गेलं. एवढं एक कळलं की अर्धं काम होतं, कारण मग अंदाजाने नियम वाढवत बसावं लागत नाही.

यादीत नियमच दिसत नसेल तर मशीन मध्ये बंद होऊन चालू झालंय. कमांडने घातलेला नियम फक्त मेमरीत राहतो. आपल्याकडे लाइट जाते, इन्व्हर्टर दम तोडतो, मशीन परत सुरू होतं आणि नियम गेलेला असतो. "आठ दिवसांनी परत चालू झालं" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. यावर दोन उपाय. आयपीटेबल्स-पर्सिस्टंट हे पॅकेज टाकून नियम जतन करा, किंवा यूएफडब्ल्यू ही उबंटूची सोपी फायरवॉल वापरत असाल तर त्याच्या बिफोर-रूल्स फाइलमध्ये लिहा. दोन्ही एकत्र करू नका, कोणी कोणाचं पुसलं ते नंतर सापडत नाही. आणखी एक: यूएफडब्ल्यू सुरू केलं की बाहेरून येणारी कनेक्शन्स आपोआप बंद होतात. लॅबमध्ये वेयॉन चालवत असाल तर शिक्षकांच्या स्क्रीनवर मुलांचे मॉनिटर दिसेनासे होतील. त्यासाठी १११०० हा पोर्ट उघडा.

सगळ्या साइट बंद, फक्त यूट्यूब आणि गूगल चालू, असं दिसलं तर नियमात टीसीपी (डेटा पाठवायची एक पद्धत, यूडीपी ही दुसरी) लिहिलंय का ते बघा. जुन्या मार्गदर्शनात ८० आणि ४४३ हे टीसीपी पोर्ट बंद करायला सांगितलेलं असतं. तेव्हा ते पुरत होतं. आता क्रोम गूगलच्या साइटशी क्विक नावाच्या प्रोटोकॉलने बोलतो, आणि क्विक यूडीपीवरून जातो, पोर्ट तोच ४४३. क्विक २०२१ मध्ये अधिकृत मानक झाला, पण गूगलच्या साइटवर तो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. नेमकी जी साइट बंद करायला आपण एवढी धडपड करतो तीच या फटीतून सगळ्यात आधी सुटते. यूडीपीचा वेगळा नियम घालत बसू नका. प्रोटोकॉल आणि पोर्टचा उल्लेखच काढून टाका, म्हणजे मुलांच्या खात्यातून काहीच बाहेर जाणार नाही.

आता आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४. लॅबमधल्या गळतीचं हे एक मोठं आणि फार कमी तपासलं जाणारं कारण आहे. आयपीटेबल्सचे नियम फक्त आयपीव्ही४ ला लागतात. आयपीव्ही६ साठी आयपी६टेबल्स ही वेगळी यादी असते आणि ती बहुधा रिकामी असते. पूर्वी शाळेच्या ब्रॉडबँडवर आयपीव्ही६ नसायचं, त्यामुळे फरक पडत नव्हता. जिओचं जाळं मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वर आहे, आणि फायबरच्या बऱ्याच नव्या जोडण्यांवरही ते मिळतं. म्हणजे नियम तोच, मशीन तेच, फक्त शाळेने कनेक्शन बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं चालू. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, असा हा प्रकार. ओळखायची खूण अशी: गूगल, यूट्यूब, फेसबुक, विकिपीडिया यांसारख्या आयपीव्ही६ असलेल्या साइट चालतात आणि त्याच वेळी फक्त आयपीव्ही४ वर असलेल्या छोट्या साइट उघडत नाहीत. मुलं म्हणतात, "काही काही साइट चालतात." हे वाक्य ऐकलं की आधी आयपी६टेबल्सची यादी काढा. तिथेही तेच नियम तसेच्या तसे घाला. यूएफडब्ल्यूत बिफोर६-रूल्स ही वेगळी फाइल आहे, तिच्यात लिहा. आयपीटेबल्सच्या जागी आलेलं एनएफटेबल्स थेट वापरत असाल तर आयनेट प्रकारचं टेबल करा, त्यात एका नियमात दोन्ही येतात. आयपीव्ही६ सरसकट बंद करणं हाही तोडगा सांगितला जातो. मला तो पटत नाही. कार्यालयाच्या कामालाही ते लागू शकतं, आणि पुढच्या अपडेटनंतर कोणीतरी ते परत चालू करतंच.

क्रमांकाऐवजी गटावर नियम लिहिला असेल तर आणखी एक गोम आहे. "विद्यार्थी" नावाचा गट केला, सगळ्या मुलांना त्यात घातलं, गटावर रिजेक्ट लिहिलं, आणि आकडा शून्यच. कारण उबंटूत प्रत्येक खात्याचा मुख्य गट त्याच्या स्वतःच्या नावाचा असतो, आपण घातलेला गट दुय्यम ठरतो. ओनर मॉड्यूल आपणहून फक्त मुख्य गट बघतं. नव्या आवृत्तीत दुय्यम गटही तपासायला सांगणारा पर्याय आहे, पण गट बदलून प्रोग्रॅम चालवण्याची कमांड साध्या खात्यालाही मिळते. यूआयडी मुलाला बदलता येत नाही. म्हणून गटाच्या नादी लागू नका.

नियमात लॅनकार्डाचं नाव घातलं असेल तर तेही काढा. मुलं मोबाइल यूएसबीने जोडतात आणि मोबाइलचं नेट मशीनला मिळतं. लिनक्सच्या दृष्टीने ते नवं लॅनकार्ड असतं. नियमात जुन्या कार्डाचंच नाव असेल तर तो या नव्या रस्त्याला लागूच होत नाही. नाव नसेल तर वायर, वायफाय, मोबाइल, कुठूनही जायचा प्रयत्न केला तरी खातं तेच, म्हणून नकारही तोच. राउटरवरची बंदी मोबाइल जोडल्या क्षणी निरर्थक होते. खात्यावरची होत नाही. ओनर मॉड्यूलचा हाच सर्वात मोठा फायदा आहे.

सर्व्हरवरून बूट होणाऱ्या लॅबमध्ये एक गोष्ट आधी ठरवा: ब्राउझर कुठे चालतोय? तो मुलासमोरच्या मशीनवर चालत असेल तर सर्व्हरवर लिहिलेला ओनर नियम त्याला लागणार नाही, कारण सर्व्हरवरून ते पॅकेट फक्त पुढे सरकतं आणि दुसऱ्या मशीनवरचा मालक कोण हे सर्व्हरच्या कर्नलला माहीत नसतं. नियम मुलांच्या मशीनवर जाणाऱ्या सिस्टिमच्या प्रतिमेत (इमेजमध्ये) घालावा लागतो. एका सीपीयूला अनेक मॉनिटर असतील तर ब्राउझर त्याच सीपीयूवर चालतो, तिथे काहीच अडचण नाही.

वेळेचा नियम भलत्याच वेळी लागतो

शाळेच्या वेळेत बंद, नंतर चालू असं काहींना हवं असतं. त्यासाठी टाइम मॉड्यूल वापरून ११ ते १७ असं लिहितात, आणि मग दुपारी यूट्यूब चालू व संध्याकाळी सगळं बंद असा उलटा कारभार होतो. कारण हे मॉड्यूल यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. ११ ते १७ लिहिलेला नियम आपल्याकडे दुपारी साडेचारला लागतो आणि रात्री साडेदहाला सुटतो. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ हवं असेल तर ५:३० ते ११:३० लिहा.

जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, हेही लक्षात ठेवा. मे महिन्याच्या सुट्टीनंतर मशीन सुरू केलं की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते. मग वेळेचे नियम बिघडतात आणि प्रत्येक साइट प्रमाणपत्र चुकीचं असल्याचा इशारा देते. लोक याचा दोष फायरवॉलला देतात. सेल स्वस्त आहे, सगळ्या मशीनचा एकदाच बदलून टाका.

मोजक्या साइट चालू ठेवायच्या असतील तर

सगळंच बंद ठेवणं शिकवण्याच्या दृष्टीने बरोबर नाही असं मला मनापासून वाटतं. मुलांना ई-बालभारती, दीक्षा, विकिपीडिया मिळालंच पाहिजे. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्याच्यासाठी ही लॅब हीच एकमेव जागा आहे. त्यासाठी स्क्विड हा प्रॉक्सी, म्हणजे सगळ्यांच्या वतीने साइट आणून देणारा मध्यस्थ प्रोग्रॅम, टाका. तो स्वतःच्या वेगळ्या खात्यावर चालतो, ज्याचा क्रमांक १००० च्या खालचा असतो. त्यामुळे मुलांवरचा नियम त्याला लागत नाही. मूल लूपबॅकवरून स्क्विडकडे ३१२८ पोर्टवर जातं, आणि स्क्विड यादीतल्या साइटपुरताच बाहेर जातो. ब्राउझरच्या सेटिंगला कुलूप घालायचीही गरज उरत नाही. मुलाने प्रॉक्सी काढून टाकला तर त्याला थेट रस्त्यावर रिजेक्टच मिळतं. स्क्विड बंद पडला तरी तेच. काही बिघडलं तर बंदच राहील, उघडं पडणार नाही.

एचटीटीपीएस साइटसाठी बनावट प्रमाणपत्र टाकून आतलं वाचायची अजिबात गरज नाही. ब्राउझर प्रॉक्सीला आधी साइटचं नाव सांगतो आणि मग जोडून दे म्हणतो. नावावरून परवानगी द्यायची की नाही ते ठरवता येतं. आतला मजकूर, पासवर्ड, काहीही उघडं पडत नाही. मात्र नाकारलेल्या एचटीटीपीएस साइटसाठी "ही साइट बंद आहे" असं नीट पान दिसत नाही, ब्राउझर फक्त प्रॉक्सीने नकार दिल्याचं सांगतो. शिक्षकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेट बिघडलं म्हणून फोन येतील.

स्क्विडमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी ओळ त्याच्या मूळ फाइलमध्येच असते. लोकलहोस्टला सगळं खुलं, अशी ती ओळ आहे. आपली मुलं त्याच मशीनवर बसून लोकलहोस्टवरूनच येत असतात. म्हणजे यादी कितीही काळजीपूर्वक केली तरी या ओळीने ती निकामी होते. स्क्विड वरून खाली वाचतो आणि जो नियम पहिला जुळतो तोच धरतो. उबंटूत कॉन्फ-डी फोल्डरमधल्या फाइल या ओळीच्या आधी वाचल्या जातात, म्हणून आपली फाइल तिथे ठेवा: आधी यादीतल्या साइटना परवानगी, लगेच खाली बाकी सगळ्यांना नकार. साइटच्या नावाआधी टिंब दिलं की तिची सगळी उपनावं येतात. टिंब देऊन मूळ नाव लिहिलं असेल तर तिचंच उपनाव खाली परत लिहू नका, स्क्विड तक्रार करतो.

मग "साइट उघडते पण चित्रं दिसत नाहीत, व्हिडिओ चालत नाही" हा टप्पा येतो. आजची कुठलीही साइट सगळं एका पत्त्यावरून आणत नाही. चित्रं एकीकडून, व्हिडिओ दुसरीकडून, फॉन्ट तिसरीकडून. अंदाज लावू नका. स्क्विडची ॲक्सेस लॉग फाइल उघडी ठेवा, मुलाच्या खात्यातून ते पान उघडा, आणि टीसीपी_डिनाइड लिहिलेल्या ओळींमधली नावं टिपून घ्या. त्यातली शिकवण्याला लागणारी यादीत घाला, जाहिरातींची सोडून द्या. एक-दोन तासिका हे केलं की यादी स्थिर होते.

या लॉगमध्ये कोणत्या मशीनवरून कोणती साइट मागितली हे राहतं. ही मुलांची माहिती आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो. दुरुस्तीला लागेल तेवढेच दिवस लॉग ठेवा आणि तो कोणाला दाखवत फिरू नका. मुलांनाही सांगा की लॅबमध्ये कोणत्या साइट चालतात आणि नोंद राहते. आठवी-नववीची मुलं सरळ सांगितलेलं समजून घेतात, आणि एखादी उपयोगी साइट अडली तर स्वतः येऊन सांगतात. यादी सुधारायला त्यांच्याइतकी मदत कोणीच करत नाही.

डीएनएस बदलून काम का भागत नाही

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. राउटरमध्ये १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअरचे कुटुंबांसाठीचे पत्ते घालणं चांगलंच आहे. टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी. अश्लील आणि घातक साइट त्यात गाळल्या जातात, खर्च नाही, आणि शिक्षकांच्या खात्यालाही त्याचं संरक्षण मिळतं. हे जरूर करा. पण यूट्यूब, गेम यांच्यावर त्याचा काही परिणाम नाही, आणि तो चुकवणं सोपं आहे. ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस सुरू केलं की नावांची चौकशी एचटीटीपीएसमधून परस्पर बाहेर जाते आणि राउटरला ती दिसतच नाही. शिवाय राउटर आयपीव्ही६ वरून कंपनीचा डीएनएस वेगळा वाटत असेल तर मशीन तोही वापरतं. मुलांच्या खात्याला बाहेरचा रस्ताच नसेल तर या दोन्ही पळवाटा आपोआप संपतात. स्क्विड मात्र नावं मशीनच्याच डीएनएसकडून शोधतो, म्हणून तिथे गाळणी लागू राहते.

विंडोजच असेल तर

मुलांना स्टँडर्ड खातं द्या, ॲडमिन नको. ही एक गोष्ट केली तरी होस्ट्स फाइल, डीएनएस आणि फायरवॉल त्यांच्या हाताबाहेर जातं. विंडोजमध्ये प्रॉक्सीचं सेटिंग मुळात प्रत्येक खात्यापुरतं असतं, ते पूर्ण मशीनला लावणारं धोरण ग्रुप पॉलिसीत आहे. पण होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटरच नसतो, हे कॉम्प्युटर घेतानाच बघायला हवं. पेनड्राइव्हवरून चालणारा पोर्टेबल ब्राउझर मशीनचं प्रॉक्सी सेटिंग बाजूला ठेवून स्वतःचं वापरू शकतो. त्यामुळे विंडोज लॅबमध्ये स्क्विड वेगळ्या मशीनवर ठेवून राउटरमधून फक्त त्याच मशीनला बाहेर जाऊ द्यावं लागतं, आणि कार्यालयाचं मशीन वेगळं ठेवावं लागतं.

लिनक्स असो की विंडोज, बायोसला पासवर्ड आणि पेनड्राइव्हवरून बूट बंद. नाहीतर मूल स्वतःची लाइव्ह सिस्टिम आणून चालवेल, आणि तिथे आपलं कुठलंच खातं नसतं.

जूनमध्ये आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी

जूनमध्ये नवी मुलं येतात, नवी खाती होतात आणि जुन्या तक्रारी परत येतात. २००१ ते २०६० अशी नेमकी पट्टी लिहून ठेवली असेल, आणि नव्या मुलाचं खातं कोणी घाईत सेटिंगच्या खिडकीतून केलं, तर त्याला १००४ सारखा पुढचा मोकळा क्रमांक मिळतो. ते मूल पट्टीच्या बाहेर राहतं. वर १००३ ते ६०००० अशी अख्खी पट्टी सुचवली ती याचसाठी. नवं खातं कसंही करा, ते बंदच जन्माला येतं. खबरदारी घ्यायची ती नव्या शिक्षकांच्या वेळी. त्यांचा क्रमांक पट्टीत पडला तर त्यांचं नेट चालणार नाही आणि ते लगेच सांगतील. मुलाचं नेट चालू राहिलं तर मात्र कोणी सांगत नाही.

परीक्षेच्या वेळी आधीपासून उघड्या असलेल्या कनेक्शनचा विचार करा. यूएफडब्ल्यूच्या मूळ फाइलमध्ये चालू कनेक्शनला वाट देणारी ओळ वरच असते. आपला नियम तिच्या खाली असेल तर नव्या कनेक्शनला नकार मिळतो, पण आधीच सुरू असलेलं चालत राहतं. नियम लावल्यावर प्रत्येक मशीन एकदा रीस्टार्ट करा. बारावी आयटीसारखी ऑनलाइन परीक्षा असेल तर परीक्षेच्या प्रणालीला कोणता पत्ता लागतो ते आदल्या दिवशी विचारून घ्या, तो मोकळा ठेवा आणि त्याच खात्यातून जोडणी होते का ते करून बघा.

कुठलाही बदल केल्यावर ॲडमिनच्या खात्यातून ब्राउझर उघडून खात्री करू नका, तिथे सगळं चालूच असणार. ॲडमिनच्या टर्मिनलमधून सूडोने मुलाच्या नावावर कर्ल (टर्मिनलमधून साइट मागणारी कमांड) चालवा, एकदा फक्त आयपीव्ही४ वर आणि एकदा फक्त आयपीव्ही६ वर. मग मशीन रीस्टार्ट करून तेच पुन्हा करा. चारही वेळा नकार मिळाला आणि आकडे दोन्ही याद्यांत वाढलेले दिसले, की त्या मशीनचं काम झालं.